ट्रेलर मागे, चढ पुढे आणि गिअर मॅन्युअल: गाडी मागे न येता, क्लच न जाळता कशी काढायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. साधारण दीड टनाची पेट्रोल मॅन्युअल गाडी, मागे माल भरला की टनभर होणारा ट्रेलर, चढावर ट्रॅफिकमध्ये थांबावं लागलं की निघताना सगळं लटांबर फूटभर मागे येतं, मग घाबरून रेस दिली की क्लच जळल्याचा वास. त्यावर दोन मित्रांचे दोन सल्ले. एक म्हणतो दणकून रेस दे आणि क्लच सोड, दुसरा म्हणतो हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायला शीक, खरा ड्रायव्हर तोच. मी बरीच वर्षं ट्रेलर ओढतोय आणि इतरांना शिकवतोयही, आणि माझं स्पष्ट मत आहे की हे दोन्ही सल्ले क्लचप्लेट विकणाऱ्याच्या फायद्याचे आहेत, तुमच्या नाही.

मूळ गोष्ट एकच. चढावर गाडी धरून ठेवणं हे ब्रेकचं काम आहे, क्लचचं नाही. क्लच फक्त गाडी पुढे काढण्यासाठी, आणि तेही जितक्या कमी वेळात आणि जितक्या कमी आरपीएमवर (म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे) जमेल तितकं.

आता हे नुसतं सांगून पटत नाही म्हणून थोडा हिशोब करू. १० टक्क्यांचा चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेलात की १० मीटर वर. अशा चढावर वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी ओढ मागे असते. एकटी गाडी असेल तर १५० किलो, ट्रेलर जोडला की २५० किलो. तुमच्या पायाला सवय आहे १५० ची, म्हणून नेहमीच्या जागी क्लच आला की तुम्ही हँडब्रेक सोडता आणि गाडी मागे येते, कारण तेवढ्या क्लचने फक्त १५० किलो धरले जातात, वरचे १०० कोणी धरायचे? म्हणजे तुमचं काही फार चुकत नाहीये, फक्त बाइट पॉइंट, म्हणजे पेडल वर येताना क्लच जिथे पकडतो ती जागा, आता थोडी अजून वर आहे आणि पायाला ते माहीत नाही.

आता हाफ क्लचवर गाडी धरायचा सल्ला बघा. अशा गाडीचा फर्स्ट गिअर आणि पुढचं रिडक्शन मिळून साधारण १४-१५ पट होतं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे १४-१५ फेरे. तेवढ्यावर २५०० किलोचं लटांबर १० टक्क्यांवर नुसतं जागेवर धरायला क्लचमधून ५० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क (फिरवायचा जोर) जावा लागतो. इंजिन १५०० आरपीएमवर फिरतंय, गिअरबॉक्सची बाजू थांबलेली, आणि मधे प्लेट घासतेय. गुणाकार केला की जवळजवळ ८ किलोवॅट येतात. हजार वॅटच्या आठ इस्त्र्या फुल्ल गरम करून एका ताटाएवढ्या चकतीवर ठेवल्या असं समजा. गाडी एक इंचही पुढे गेलेली नाही, आणि सिग्नलला अर्धा मिनिट असं उभं राहणारे लोक मी रोज बघतो. एकट्या गाडीने थोडा वेळ खपून जातं, ट्रेलर मागे असला की खपत नाही.

आणि दणकून रेसवाला सल्ला? तिथे गंमत अशी आहे की क्लच पूर्ण सुटतो तेव्हाच घासणं थांबतं, आणि तो पूर्ण सुटायला गाडीचा वेग इंजिनच्या आरपीएमला गाठावा लागतो. १५०० आरपीएमला फर्स्टमध्ये वेग येतो ताशी ११-१२ किलोमीटर. म्हणजे तोवर क्लच घासतोच आहे. तुम्ही २५०० वर रेस धरलीत तर ताशी १९ पर्यंत घासत राहणार, वेळही जास्त आणि घासण्याचा वेगही जास्त, त्यामुळे उष्णता दीडपट पावणेदोनपट नाही तर जवळपास पावणेतीनपट होते. आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते ती. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच सांगतो की रेस जितकी कमी ठेवून इंजिन बंद पडत नाही तितकी ठेवा, त्याच्यावर दोनतीनशे घ्या, बास. डिझेलला १२०० ते १५०० पुरतात. साध्या पेट्रोलला १५०० ते १८००. छोटं टर्बो पेट्रोल असेल तर जरा त्रास असतो, कारण खाली टर्बो जागाच झालेला नसतो आणि इंजिन अचानक मान टाकतं, तिथे १८०० च्या आसपास धरावं लागतं, पण त्याच्यावर शक्यतो नको.

हां, याचा अर्थ अगदी हळूहळू, लोण्यासारखा क्लच सोडायचा असाही नाही. ती तिसरी चूक आहे आणि सभ्य लोक ती जास्त करतात. गाडीला गचका बसू नये म्हणून सहा-सात सेकंद क्लच घासत नेतात. चढावर गाडी हलायला लागली की मग क्लच ठामपणे, पण न आपटता, तीनेक सेकंदात वर आणायचा आणि त्या वेळी पायाखाली रेस थोडी वाढवत न्यायची. माझा ढोबळ हिशोब असा आहे की भरलेल्या ट्रेलरसह १० टक्क्यांवर एकदा निघणं म्हणजे सपाटीवर एकट्या गाडीने चार-पाच वेळा निघण्याएवढी उष्णता. हे एकदा लक्षात ठेवलं की ट्रॅफिकमध्ये दर दहा फुटांना पुढे सरकायचा मोह आपोआप कमी होतो.

आता प्रत्यक्ष करायचं कसं ते. थांबलात, फूटब्रेक दाबलेला आहे, हँडब्रेक पूर्ण वर ओढा, नेहमीपेक्षा एक-दोन खटके जास्त. फूटब्रेकवरचा पाय हळू सोडून बघा, गाडी हँडब्रेकवर उभी राहते का. हे महत्त्वाचं आहे कारण पुष्कळ गाड्यांचा हँडब्रेक एकट्या गाडीला पुरतो आणि ट्रेलरला पुरत नाही, आणि मालकाला ते पहिल्यांदा चढावरच कळतं. संयुक्त राष्ट्रांच्या आर-१३एच या ब्रेकच्या नियमात भरलेली गाडी २० टक्क्यांच्या उतारावर पार्किंग ब्रेकने उभी राहिली पाहिजे असं आहे, पण ट्रेलर जोडला की तोच आकडा १२ टक्क्यांवर येतो. म्हणजे नवी कोरी गाडी, व्यवस्थित केबल, आणि तरी अपेक्षा १२ चीच. तुमची केबल पाच वर्षं ढिली होत आलेली असेल तर काय उरलं असेल ते बघा. ट्रेलर ओढायच्या आधी गॅरेजमध्ये जाऊन फक्त हँडब्रेक ताणून घ्या, सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे ही.

हँडब्रेकने धरलं असेल तर फर्स्ट टाका, रेस १५०० वर स्थिर करा, आणि क्लच वर आणायला लागा. आता आरपीएमच्या काट्याकडे बघू नका, पुढे बॉनेटकडे बघा. बाइट आला की इंजिनचा आवाज जरा जड होतो, आणि गाडीचं नाक किंचित वर उचलल्यासारखं वाटतं, मागची बाजू बसते, कारण इंजिन पुढे ओढतंय आणि हँडब्रेक मागची चाकं धरून बसलाय. एकट्या गाडीत इथेच हँडब्रेक सोडायचा असतो. ट्रेलर असेल तर इथे सोडायचा नाही. अजून अर्धा सेंटिमीटर क्लच वर, आवाज अजून जड, आवाजावरून आरपीएम शंभर-दोनशेने उतरतोय असं वाटलं की पायाने तेवढीच रेस परत द्या, आणि आता गाडी हँडब्रेकशी भांडतेय असं सीटमध्ये जाणवतं, एक बारीक थरथर येते. तो क्षण. हँडब्रेकचं बटण आधीच दाबून ठेवलेलं असलं पाहिजे, आता लीव्हर खाली, आणि लगेच क्लच वरच्या दिशेने जात राहिला पाहिजे. लोक इथे चुकतात, हँडब्रेक सोडल्यावर दचकून क्लच परत दाबतात. पाय फक्त वर जाणार, खाली नाही. या बाइटपासून हँडब्रेक सुटेपर्यंत एक-दीड सेकंदाच्या वर लागायला नको, कारण तेवढा वेळ ती आठ इस्त्र्यांची गोष्ट चालूच असते.

हे पहिल्यांदा भरलेल्या ट्रेलरने मोठ्या चढावर करू नका. रिकामा ट्रेलर, बारीकसा चढ, मागे कोणी नाही, अशा जागी वीस मिनिटं द्या, पण सलग नाही, दर चार-पाच वेळा निघालात की एक चक्कर मारून या, क्लच गार होऊ दे. त्याच्याही आधी सपाटीवर रेस अजिबात न देता नुसत्या क्लचवर गाडी हलवायचा सराव करा, म्हणजे बाइट कुठे आहे ते पायाला नीट कळतं.

निघालात, आता सेकंड कधी? घाई करू नका. बहुतेक गाड्यांत सेकंडची ओढ फर्स्टच्या साधारण निम्म्याहून थोडी जास्त असते. चढावर फर्स्टमधून सेकंड टाकताना जो अर्धा-एक सेकंद क्लच दाबलेला असतो तेवढ्यात २५०० किलोचं लटांबर चांगलंच मंदावतं, मग सेकंडमध्ये इंजिन गुरगुरतं, आचके देतं, आणि परत फर्स्ट टाकायची वेळ येते, चालत्या गाडीत, चढावर. फर्स्टमध्ये इंजिन ३००० च्या पुढे गेलं, आवाज झाला, तरी काही बिघडत नाही. क्लच पूर्ण वर असताना इंजिन ओरडलं तर ओरडू दे. चढ सौम्य होईपर्यंत तसंच जा. बऱ्याच आधुनिक गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधलं, आत स्प्रिंग असलेलं दोन भागांचं जड चाक) असतो, त्याला हा ओरडा चालतो, पण कमी आरपीएमवर जड ओझ्याखाली धडधडत चालवणं चालत नाही.

ट्रेलरच्या ब्रेकबद्दल एक गैरसमज फार आहे. छोट्या ट्रेलरना बहुतेक वेळा धक्क्यावर चालणारा, ज्याला ओव्हररन ब्रेक म्हणतात, तो असतो. गाडी हळू झाली की ट्रेलर मागून ढकलतो, कपलिंगचा (गाडी-ट्रेलर जोडणाऱ्या भागाचा) दांडा आत सरकतो आणि त्याने ट्रेलरचे ब्रेक लागतात. सुंदर आणि सोपी रचना. पण चढावर थांबलात की ट्रेलर ढकलत नाही, उलट मागे लटकतो, म्हणून त्याचे ब्रेक मोकळे असतात. फूटब्रेक कितीही दाबा, ट्रेलरचं सगळं वजन तुमच्या गाडीचेच ब्रेक धरतायत. आणि गाडी मागे येताना ट्रेलरला ढकलायला लागली तर दांडा आत जातो आणि ब्रेक लागायला बघतात, पण हल्लीच्या ट्रेलरमध्ये रिव्हर्स घेता यावं म्हणून ऑटो रिव्हर्सची सोय असते, ती ब्रेक आपोआप मोकळे करून टाकते. तर तिथून मदतीची आशा ठेवू नका. मागे आल्याचा एक वेगळाच तोटा, कपलिंगमधला जो थोडासा खेळ असतो तो उलट्या बाजूला जातो आणि निघताना आधी तो खेळ भरून निघतो, "टक" आवाज होऊन गचका बसतो आणि नेमकं त्याच क्षणी इंजिन बंद पडतं. मागे न येता निघालात तर हा खेळ आधीच ताणलेला असतो, काहीच जाणवत नाही.

ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील आणि डॅशबोर्डखाली त्याचा कंट्रोलर असेल तर मग तुमच्याकडे हुकमी पत्ता आहे. कंट्रोलरवर एक हाताने सरकवायची कळ असते, तिने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. चढावर थांबलात की ती दाबून धरा, हँडब्रेकला जोड मिळते, निघताना आधी हँडब्रेक सोडायचा, मग गाडी ओढायला लागली की कळ. जड ट्रक चालवणारे एअर ब्रेकच्या ट्रेलर व्हॉल्व्हने हेच करतात. फक्त इलेक्ट्रिक ड्रम ब्रेकची एक खोड माहीत हवी, आतला चुंबक फिरणाऱ्या ड्रमला चिकटून ओढला जातो तेव्हाच ब्रेक लागतो, म्हणजे चाक थोडं फिरावं लागतं. म्हणून कळ गाडी पूर्ण थांबायच्या आधी, शेवटच्या फुटात, दाबायची. थांबल्यावर दाबली तर आधी जरासं मागे येतं आणि मग धरतं, आणि पुढे जाताना जितकं घट्ट धरतो तितकं मागे येताना धरत नाही. पार्किंगसाठी तर ही कळ अजिबात वापरू नका.

हिल असिस्ट (चढावर ब्रेकवरचा पाय काढला तरी ब्रेक क्षणभर धरून ठेवणारी सोय) आहे की, असं बरेच जण म्हणतात. आहे, चांगलं आहे. पण ते साधारण दोन सेकंदच ब्रेक धरून ठेवतं आणि मग सोडून देतं. एकट्या गाडीत दोन सेकंद पुरतात, ट्रेलरला तुम्ही बाइट शोधत असतानाच वेळ संपतो. त्यावर विसंबून हँडब्रेक न वापरणं ही नव्या ड्रायव्हरची ठरलेली चूक. बटणवाला इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर अजून एक मजा, तो इंजिनने ओढायला सुरुवात केली की आपोआप सुटतो, पण कधी सुटायचं याचा त्याचा अंदाज एकट्या गाडीच्या वजनावर बेतलेला असू शकतो, त्यामुळे ट्रेलर असताना तो लवकर सुटतो आणि गाडी मागे येते. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये यावर उपाय दिलेला असतो, ट्रेलर ओढताना चढावर निघताना हँडब्रेकचं बटण लावायच्या दिशेने ओढून धरायचं आणि पुरेशी ओढ आली की सोडायचं. तुमच्या गाडीत हे चालतं का ते मॅन्युअलमध्ये ट्रेलरच्या प्रकरणात बघा, हे प्रकरण कोणी वाचत नाही. आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारं जे स्टार्ट-स्टॉप असतं ते ट्रेलर असताना बंद करून टाका, चढावर नेमकं नको तेव्हा डोकं खातं.

पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर वेगळी अडचण आहे, ती क्लचची नाही, पकडीची. चढामुळे गाडीचं वजन मागे झुकतं, ट्रेलरचं नाक (कपलिंगकडचं टोक) गाडीची मागची बाजू दाबतं आणि ट्रेलरची ओढही मागे खेचते, तिन्ही मिळून तुमच्यासारख्या गाडीत पुढच्या चाकांवरचं पाऊणशे किलोच्या आसपास वजन कमी होतं. कोरड्या डांबरावर काही जाणवत नाही. ओल्या गवतावर, खडीवर, बोट उतरवायच्या शेवाळलेल्या रॅम्पवर मात्र चाकं जागेवर फिरतात, आणि असे रॅम्प साधारण १२ ते १५ टक्क्यांचे असतात म्हणजे आधीच वाईट. तिथे जास्त रेस म्हणजे अजून जास्त फिरणं. रेस कमी, क्लच एकदम मऊ, आणि ट्रॅक्शन कंट्रोल सारखं इंजिनचा गळा दाबत असेल तर तेवढ्यापुरतं बंद. ट्रेलरचं नाक हलकं करावं म्हणून माल मागे सरकवायचा शहाणपणा करू नका बरं का, रस्त्यावर वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागेल. पुढच्या सीटवर दोन दणकट माणसं बसवा, ते चालतं, खरंच फरक पडतो.

फोर बाय फोर आणि त्यात लो रेंज (सगळेच गिअर अजून खालचे करणारी सोय) असेल तर मी एवढं सगळं लिहायची गरजच नव्हती. लो रेंजमध्ये ओढ साधारण अडीच पट होते, डिझेल असेल तर रेस न देता क्लच सोडला तरी चालायला लागते, प्लेटला घासावंच लागत नाही. फक्त जुन्या पद्धतीच्या, पुढचा-मागचा एक्सल एकत्र बांधणाऱ्या फोर बाय फोरमध्ये कोरड्या डांबरावर स्टिअरिंग फार वळवू नका, सरळ पाच-दहा मीटर काढून मग थांबून बदला. काही पिकअपना आणि बहुतेक ट्रकना अगदी खालचा क्रॉलर फर्स्ट असतो, रोज कोणी वापरत नाही, तो याचसाठी ठेवलेला असतो.

आता खरं सांगायचं तर मी स्वतः यातलं निम्मं पायाने करतच नाही, डोळ्याने करतो. चढ दिसला, वर लाल दिवा किंवा गाड्यांची रांग दिसली की मी खालीच वेग कमी करतो. रांग हलेपर्यंत पायथ्याशी, सपाटीवर रेंगाळतो. थांबावंच लागलं तर पुढच्या गाडीपासून निदान एक ट्रेलरभर अंतर ठेवून थांबतो, शक्यतो जिथे चढ जरा मऊ आहे तिथे, आणि गाडी-ट्रेलर एका रेषेत. वाकड्यात थांबलं आणि मागे आलं तर ट्रेलर कात्रीसारखा दुमडतो. पुढची रांग दोन फूट सरकली की मी सरकत नाही. चार गाड्यांएवढी जागा झाली की मग एकदाच निघतो, क्लच पूर्ण सोडून फर्स्टमध्ये चालत जातो. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत, त्यांच्या मागे ट्रेलर नाहीये.

निघताना इंजिन बंद पडलंच तर फूटब्रेक एकदाच घट्ट दाबा आणि धरून ठेवा. पंप करू नका, इंजिन बंद असताना ब्रेक बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा दाबण्याएवढाच व्हॅक्यूम उरतो, तो संपला की पेडल दगड होतं. हँडब्रेक, न्यूट्रल, स्टार्ट, आणि पहिल्यापासून. गाडी मागे घसरायला लागली तर क्लच सोडून तिला पकडायचा प्रयत्न तर मुळीच करू नका, मागे फिरणाऱ्या चाकांना उलटं फिरवायला गेलात की प्लेटला जो मार बसतो तो सगळ्यात वाईट. आधी ब्रेक, पूर्ण थांबणं, मग विचार. दोन-तीन वेळा प्रयत्न करून निघतच नसेल तर थांबा. ट्रेलरच्या चाकांमागे ठोकळे लावा, एसी बंद करा, कोणी उतरण्यासारखं असेल तर उतरवा, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या आणि मग एकदाच नीट प्रयत्न करा. ठोकळा लावला की काम एकदम सोपं होतं, कारण धरायची सगळी जबाबदारी त्याच्यावर जाते आणि तुम्ही हँडब्रेक आधीच सोडून निवांत क्लच सोडू शकता. दोरी बांधून ट्रेलरला अडकवून ठेवला तर मागे पळत जाऊन उचलावाही लागत नाही, पुढे सपाटीला थांबून काढून घ्या. फक्त ठोकळा लावताना आणि काढताना माणूस ट्रेलरच्या मागे उभा नको, बाजूला.

तुम्ही विचारलंय की गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलरची मर्यादा माझ्या ट्रेलरपेक्षा जास्त लिहिलीये, मग त्रास का? युरोपात ही मर्यादा ठरवताना एक अट अशी असते की गाडीने ट्रेलरसकट १२ टक्क्यांच्या चढावर ५ मिनिटांत ५ वेळा निघून दाखवायचं. पाच वेळा. ट्रॅफिकच्या एका चढावर तुम्ही पंचवीस वेळा निघता. शिवाय उंचीवर हवा विरळ होते, बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद दर १००० मीटरला साधारण १० टक्क्यांनी कमी होते, म्हणून खूप मॅन्युअलमध्ये तेवढंच ओझंही कमी करा असं बारीक अक्षरात असतं. मर्यादेच्या काठावर ओझं भरून उंचावरच्या घाटात जाणं हे कागदावर बरोबर आणि क्लचवर चूक.

वास आला तर काय करायचं? पहिली गोष्ट, क्लच दाबून उभं राहू नका. बाजूला घ्या, हँडब्रेक, न्यूट्रल, क्लचवरचा पाय पूर्ण काढा आणि इंजिन चालू ठेवा, म्हणजे सगळं एकत्र फिरत राहतं आणि गार होतं. किंवा पुढे रस्ता मोकळा असेल तर सरळ चालवत राहा, क्लच न घासता चाललं की तो लवकर गार होतो. एकदा वास आला म्हणजे प्लेट गेली असं नाही, पण तापलेली प्लेट नीट पकडत नाही, त्यामुळे त्याच अवस्थेत परत हिल स्टार्ट केला की दुप्पट घासते आणि मग खरंच जाते. नंतर तपासायचं असेल तर ट्रेलर काढून, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये कमी वेगाला एकदम रेस द्या. आरपीएम वर पळाला आणि वेग तिथेच राहिला तर प्लेट संपत आली.

माझी स्वतःची एक प्लेट अशीच गेली, आणि ती पुढे निघताना नाही तर रिव्हर्समध्ये. चढावरच्या अरुंद फाटकातून ट्रेलर आत ढकलायचा होता, आणि रिव्हर्समध्ये क्लच पूर्ण सोडला की वेग जास्त होतो म्हणून मी वीस मिनिटं हाफ क्लचवर पुढे-मागे, पुढे-मागे करत बसलो, वास आला तरी आता झालंच म्हणून अजून दोनदा. दुसऱ्या दिवशी चौथ्यात काटा वर आणि गाडी आपली तिथेच. तेव्हापासून चढावर रिव्हर्स ढकलायचं असेल तर मी आधी उतरून चालत जाऊन रेषा बघतो, शक्य असेल तर वरच्या बाजूने येऊन उताराकडे रिव्हर्स घेतो, लो रेंजवाली गाडी मिळत असेल तर ती मागतो, आणि दोन प्रयत्नांत नाही बसला तर ट्रेलर खाली सपाटीला ठेवून चहाएवढा वेळ थांबतो. तुमच्या ट्रेलरला पुढे जॉकी व्हील, म्हणजे नाक टेकवायचं छोटं चाक, असेलच, सपाटीवर दोन माणसांनी हाताने टनभराचा ट्रेलर सरकतो, चढावर मात्र हाताने ढकलायच्या फंदात पडू नका, आणि गाडीपासून सोडायच्या आधी चाकांना ठोकळे.

शेवटचं, मित्रांपैकी कोणी ऑटोमॅटिक घे म्हणाला असेल तर ट्रेलर रोजचा असेल तरच विचार करा, आणि त्यातही टॉर्क कन्व्हर्टरवालाच (क्लचऐवजी तेलातून ओढ देणारा) बघा. काही ऑटोमॅटिकमध्ये आत क्लचच असतो, फक्त पाय मशीनचा, आणि ते मशीनसुद्धा चढावर रेसवर गाडी धरून ठेवली की तसंच तापतं.